पंचनाम्याआधीची राखण

सोलापूर जिल्ह्यात शेरडामेंढरांना धोका कुणाचा, याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं. उत्तर सोलापूर आणि मोहोळच्या माळावर लांडग्याचं नाव आधी निघतं. करमाळा, माढा, माळशिरसच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचं. बार्शी तालुक्याने 2024 च्या अखेरीपासून थेट वाघच पाहिला. कोल्हा आणि तरस यांची नावं सगळीकडे अधूनमधून येतात. गावच्या मोकाट कुत्र्यांचं नाव बहुतेक वेळा शेवटी निघतं, कारण त्यांची तक्रार करायची कुणाकडे, हेच कुणाला ठाऊक नसतं.

जातं कोण, याचं उत्तर मात्र सगळीकडे एकच आहे. थोराड बोकड किंवा मेंढा शिंगं रोखतो, निदान पळतो तरी. हाती लागतं ते करडू, नाहीतर कोकरू. ते मागे रेंगाळतं, झुडपाआड झोपतं, आईपासून चुकतं, आणि लांडग्याला ते तोंडात धरून सहज पळवता येतं.

या प्रश्नावर संशोधन झालं आहे, शासन निर्णय निघाले आहेत, भरपाईच्या रकमाही वेळोवेळी वाढल्या आहेत. तरी ही सारी व्यवस्था जनावर मेल्यावर जागी होते. प्रस्तुत आढावा त्याआधीच्या राखणीचा आहे: शिकारी कोण, ते केव्हा येतात, मेंढपाळांकडे काय उपाय आहेत, सरकार काय देतं, बाहेर कशाचा उपयोग झाला आणि इथे काय करता येईल.

शिकारी कोण कोण

नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झालं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली आठ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जमीन कागदावर त्यात आली. गावं, शेतं, रस्ते सगळंच. पुढे फेररचनेत ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. आज तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. पण त्याच्या नावाने राखलेल्या गवताळ तुकड्यांवर काळवीट टिकले आणि काळविटांच्या मागे लांडगेही टिकले. सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी या लांडग्यांचा अभ्यास केला. जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यातली लांडग्यांची स्थिती सांगणारा त्यांचा लेख 1997 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. नान्नज परिसरात लांडग्यांनी मारलेल्या पाळीव जनावरांवरचा लेख 2000 साली तिथेच छापून आला. म्हणजे शेळ्यामेंढ्या आणि लांडगा या विषयावर देशात जे मोजकं जुनं काम झालं, त्यातलं काही याच मातीतलं आहे.

लांडगा घनदाट जंगलातला प्राणी नाही. त्याला मोकळा माळ, ओढ्याकाठची झुडपं, पडीक रानं आणि त्यांच्या मधली शेती लागते. अशी जमीन सरकारी दप्तरात बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदली जाते आणि प्रकल्पांसाठी सगळ्यात आधी तिचाच विचार होतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या लांडग्यांची संख्या सुमारे 3,100 धरली आहे. त्यातले चारशेच्या आसपास महाराष्ट्रात. देशातल्या वाघांची संख्याही याच घरातली आहे. फरक इतकाच की वाघासाठी व्याघ्र प्रकल्प आहेत, आणि लांडग्याचा संसार मात्र गायरानावर, मेंढपाळाच्या शेजारी चालतो.

बिबट्याची गोष्ट वेगळी. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या दोन्ही अंगांना ऊस पसरला. वर्षभर उभ्या असलेल्या उसात बिबट्याला सावली, पाणी आणि लपण मिळतं. रानडुकरं आणि गावची कुत्री खायला मिळतात. जुन्नर आणि अकोले तालुक्यांच्या उसात जे आधी घडलं, ते इकडे सरकत आलं. करमाळा तालुक्यात माणसांवर हल्ले करणाऱ्या एका बिबट्याला डिसेंबर 2020 मध्ये गोळी घालून मारावं लागलं, तेव्हा साऱ्या जिल्ह्याचं लक्ष तिकडे गेलं.

बार्शीच्या बाजूला आलेला वाघ यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. शेकडो किलोमीटर चालून तो धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाटाच्या रानात पोहोचला आणि तिथून बार्शीच्या हद्दीत जनावरं मारू लागला. असा पाहुणा क्वचितच येतो, त्यामुळे त्याच्यावर धोरण बेतता येत नाही. पण पाहुणा आला की गावं जनावरांना रात्री आत घेऊ लागतात. ही सवय तो गेल्यावरही टिकवावी.

कोल्हा नुकतं जन्मलेलं करडू नेतो, मोठ्या शेळीच्या वाटेला सहसा जात नाही. तरस बहुतेक मेलेल्यावर जगतं, पण कुंपणाबाहेर बांधलेलं कोवळं जनावर सोडतंच असं नाही. वार पडलेल्या शेळीच्या आणि कोवळ्या करडाच्या डोळ्यांवर कावळे टपून असतात, हेही जुन्या माणसांना माहीत असतं.

कुणी मारलं हे ओळखता आलं तर पुढचा उपाय ठरतो. बिबट्याचा चावा गळ्यावर असतो, सुळ्यांची भोकं खोल आणि नेमकी दिसतात, आणि जनावर ओढत आडोशाला नेलेलं असतं. लांडगाही गळा धरतो, पण पळत्या जनावराच्या मांडीला, कुशीला फाडल्याच्या खुणा आढळतात; लहान करडू तर तो जागेवर ठेवतच नाही. कुत्र्यांची शिकार विस्कटलेली असते. मागच्या अंगाला, शेपटीला, कानांना चावेच चावे, चारपाच जनावरं जखमी आणि खाल्लेलं फारच थोडं. बिबट्यासाठी छत लागतं, लांडग्यासाठी राखण लागते आणि कुत्र्यांसाठी ग्रामपंचायत. निदान चुकलं की उपायही चुकतो.

धोक्याचा हंगाम

शेळी पाच महिन्यांची गाभण राहते. मृगाच्या पावसानंतर हिरवा पाला मिळाला की उस्मानाबादी शेळ्या माजावर येतात आणि त्यातल्या बऱ्याच दिवाळीच्या पुढेमागे वितात. ही जात जुळ्यांसाठी प्रसिद्ध. धाराशिव, लातूर, सोलापूरच्या गरीब घरांत ती टिकली त्याचं हेही एक कारण. नेमक्या याच दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत, दख्खनच्या लांडग्यांच्या माद्या पिल्लं घालतात. बिळात खाणारी तोंडं वाढतात आणि जवळच्या वस्तीवर करडं बागडू लागतात.

त्यात शेताची भर पडते. मंगळवेढा, मोहोळ, बार्शीच्या काळ्या रानात तेव्हा रब्बीची ज्वारी पुरुषभर उंच उभी असते. मालदांडीच्या ताटांतून लांडगा बांधापर्यंत येतो तरी मेंढक्याला दिसत नाही. दिवस लहान असतो, धुकं असतं, हुरड्याच्या आणि काढणीच्या घाईत घरची सगळी माणसं रानात असतात. वस्तीवर एखादी म्हातारी आणि डालग्याखाली झाकलेली करडं एवढंच राहतं.

थोडक्यात, करडांना असलेला धोका वर्षभर सारखा नसतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. दिवसातही पहाट आणि तिन्हीसांज यांच्यावर डोळा ठेवावा लागतो. राखण वर्षभर सारखीच कडक ठेवणं कुणाला परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. हे अडीच-तीन महिने नीट सांभाळले तर निम्मं काम झालं.

रात्रीची वाघर, दिवसाची काठी

सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, शेजारचं जत आणि आटपाडी या पट्ट्यातले धनगर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरतात. दख्खनी आणि माडग्याळ ही इथली ओळखीची मेंढरं. सुगी संपली की शेतकरी खतासाठी मेंढरं आपल्या रानात बसवतो आणि त्याबदली धान्य किंवा पैसे देतो. मेंढरं रात्री जिथे बसतात, तिथे वाघर लागते.

वाघर म्हणजे दोऱ्यांची जाळी. ती खुंट्यांवर ताणून गोल किंवा चौकोनी रिंगण करतात. भुकेल्या लांडग्याला तेवढी उंची पार करणं अशक्य नाही. वाघरीचा खरा उपयोग वेगळा आहे. लांडग्याचा वास लागला की मेंढरं उधळतात आणि उधळलेल्या कळपातलं एकटं पडलेलं जनावर मारलं जातं. जाळीमुळे कळप एकवट राहतो. मेंढका जागा होईपर्यंत, कुत्री पोहोचेपर्यंत तेवढी उसंत पुरते.

कोकरांची वाघर निराळी आणि लहान, बिऱ्हाडाला लागून. संध्याकाळी कळप परतला की कोकरं सोडतात. शंभरएक आया आणि त्यांची पोरं यांचा एकच कालवा होतो. प्रत्येक कोकरू आपली आई शोधून कासेला लागतं आणि हळूहळू आवाज निवतो. ज्या मेंढीचं ओरडणं थांबत नाही, तिचं कोकरू हरवलेलं असतं. मेंढक्याला आकडे मोजावे लागत नाहीत, हाच त्याचा हिशेब. तो अंधार पडण्याआधी झाला तर शोधायला वेळ मिळतो. म्हणून कळप दिवस मावळायच्या आत तळावर आणायचा, हा नियम अनुभवी माणूस मोडत नाही.

दिवसा काठी, गोफण, हाळी आणि माणूस. कळपाच्या पुढे एक आणि मागे एक असेल तर लांडग्याला संधी कमी मिळते. बहुतेक वेळा तो मागच्या टोकाला घाव घालतो. दोन लांडगे असतील तर एक माणसाचं लक्ष वेधतो आणि दुसरा दुसऱ्या बाजूने येतो, हे मेंढके सांगतात आणि अभ्यासकांनीही पाहिलं आहे. आज अडचण माणसांचीच आहे. पोरं शाळेत जातात, ते जायलाच हवं. तरणी माणसं पुण्यामुंबईला कामावर किंवा ऊसतोडीला. शंभर मेंढरांमागे एकटा म्हातारा चालत असेल तर लांडग्याचं फावतं. लांडगे वाढले अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा राखणदार कमी झालेले असतात.

फिरत्या धनगराची रात्र त्यातल्या त्यात बंदिस्त असते. गावातल्या चार-सहा शेळ्या पाळणाऱ्या घराची नसते. शेळ्या अंगणात खुंटीला, करडं डालग्याखाली किंवा तट्ट्याच्या आडोशाला. कोल्ह्याकुत्र्यापासून डालगं वाचवतं, त्यावर धोंडा ठेवला असेल तर. बिबट्याच्या भागात मात्र अर्धवट बंद गोठा उघड्या अंगणापेक्षा वाईट. छत नसलेल्या भिंतीवरून बिबट्या आत उतरतो, कोंडलेली शेरडं सैरावैरा पळतात आणि तो गरज नसताना एकामागून एक मारत सुटतो. एका रात्रीत आठदहा शेळ्या मेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुतेक वेळा असा वरून उघडा गोठा असतो. भिंत किती उंच यापेक्षा वर जाळी आहे का आणि दाराला कडी आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

कुत्रा: राखणदार आणि चोर

खंडोबाच्या दारात कुत्र्याला मान आहे, आणि धनगराच्या तळावरही. वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या बिऱ्हाडांबरोबर, चालणारी कुत्री लांडग्याशी झुंजण्यापेक्षा ओरडून माणसाला उठवण्याचं काम अधिक करतात, आणि तेवढं पुरतं. पण हीच जात मोकाट झाली की करडांची शत्रू होते. खरकटं, कत्तलीचा उकिरडा आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या यांवर गावोगाव कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्या माळावर काळविटांची पाडसं मारतात आणि वस्तीवर करडं.

नान्नजच्या आसपास या कुत्र्यांचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. अबी तमीम वनक, अनिरुद्ध बेलसरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकुत्रे आणि खोकड यांच्यावर काम केलं. डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंचा संसर्ग इथल्या कुत्र्यांत मोठ्या प्रमाणात होऊन गेल्याचं त्यात आढळलं. हे रोग कुत्र्यांकडून खोकड आणि लांडग्यांकडे जाऊ शकतात. पिसाळलेला लांडगा माणसांना चावला की गाव सगळ्याच लांडग्यांच्या मागे लागतं, हा धोका वेगळाच. शेजारच्या पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे.

कुत्र्यांनी मारलेल्या शेळीला वनविभाग भरपाई देत नाही, कारण कुत्रा वन्यप्राणी नाही. मग काय होतं? पंचनाम्यात लांडग्याचं नाव लिहून घ्यावं, असा मोह शेतकऱ्याला होतो. नाव लिहिलं गेलं तर त्या गावात लांडग्याचा उपद्रव वाढल्याचं कागदोपत्री दिसतं. नाही लिहिलं गेलं तर शेतकऱ्याचं नुकसान कुणाच्याच दप्तरात येत नाही. दोन्हीकडून प्रश्न झाकला जातो. कुत्र्यांची नसबंदी, रेबीजची लस आणि उकिरड्यांचा बंदोबस्त हे शेळीपालनाच्या योजनेत बसत नाही असं वाटतं. सोलापुरात ते आधी त्यातच बसवायला हवं.

भरपाईचं गणित

महाराष्ट्रात वन्यप्राण्याने पाळीव जनावर मारलं तर अर्थसाहाय्य मिळतं. ऑगस्ट 2022 मधल्या वाढीनंतर गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. शेळी-मेंढीसाठी 75 टक्के किंवा 15 हजार, यांपैकी कमी असेल ती. घटना 48 तासांच्या आत वनविभागाला कळवायची, शव जागेवरून हलवायचं नाही, पंचनामा व्हायला हवा. वनविभागाचा मदत क्रमांक 1926.

मोठ्या जनावराच्या बाबतीत ही व्यवस्था बरी चालते. म्हशीचं धूड कुठे जात नाही. वनरक्षक येतो, फोटो काढतो, पशुवैद्यक किंमत ठरवतो. करडाच्या बाबतीत ती तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण शवाची. लांडग्याने करडू उचलून नेलं तर दाखवायला काय उरतं? थोडे केस, दोन थेंब रक्त, वाटल्यास मातीतले पंजे. पंचनामा त्यावर होत नाही. दुसरी किमतीची. समजा महिन्याच्या करडाला बाजारात दोन हजार मिळतात. 75 टक्के म्हणजे दीड हजार. त्यासाठी अर्ज, सातबारा किंवा रहिवासाचा दाखला, बँकेचं पासबुक आणि कचेरीचे दोन हेलपाटे. दोन दिवसांची मजुरी बुडवून दीड हजारामागे कोण लागेल? करडाची किंमत आजची नसते, दीड वर्षांनी बकरी ईदला उभ्या राहणाऱ्या बोकडाची किंवा विणाऱ्या पाटीची असते. ती कुठल्याच रकान्यात येत नाही.

तिसरी अडचण फिरस्त्यांची. सांगोल्याचा वाडा आज मोहोळच्या शिवारात आहे, उद्या दुसऱ्या गावात जायचं आहे. शव राखत दोन दिवस तळ ठोकला तर दीडशे मेंढरांनी चरायचं काय? म्हणून तो मेलेलं कोकरू टाकतो आणि पुढे निघतो. लांडग्याशी सगळ्यात जास्त गाठ ज्याची पडते, भरपाईच्या यादीत त्याचंच नाव सगळ्यात कमी दिसतं.

भरपाई गरजेचीच आहे. ती नसती तर सूड वाढला असता. मेलेल्या जनावरात विष घालणं आणि लांडग्याच्या बिळात धूर करून पिल्लं मारणं हे जुने प्रकार आहेत. लांडगा आणि बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांना मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. विषाने मात्र गिधाडं, खोकड आणि मेंढक्याची स्वतःची कुत्रीही मरतात. भरपाईमुळे हा राग थोडा शमतो. पण करडू वाचवण्याचं काम भरपाईच्या हातून होणार नाही. त्याला आधीचीच तजवीज लागते.

बाहेर कशाचा उपयोग झाला

सगळ्यात बोलका पुरावा घराजवळचाच आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. बिबट्यांच्या खाण्यात वजनाने 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला, त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच भरला. शेळ्यांना दिवसा राखणदार असतो आणि रात्री त्या आत असतात. कुत्र्यांना दोन्ही नसतं. राखण उपयोगी पडते की नाही, या प्रश्नाला एवढं उत्तर पुरेसं आहे.

अत्रेय यांच्याच जुन्नरच्या कामातून दुसरा धडा मिळाला. पिंजऱ्यात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, तर सोडलेल्या जागेच्या आसपास माणसांवरचे हल्ले घटले नाहीत, वाढले. तरी दरवेळी शेळी मेली की ‘पिंजरा लावा’ हीच मागणी पुढे येते. पिंजऱ्याने गाव शांत होतं. रिकाम्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येतो आणि गोठा तसाच उघडा असतो.

लडाखमध्ये हिमबिबट्या रात्री कोंडवाड्यात उतरून डझनावारी मेंढ्या मारत असे. तिथे दगडी कोंडवाड्यांवर तारेची जाळी टाकली आणि घट्ट दारं बसवली. तशा कोंडवाड्यांत असे संहार थांबले. सोलापूरच्या बिबट्यांच्या पट्ट्यासाठी हाच उपाय जसाच्या तसा लागू आहे. उलट इथे पत्रा आणि जाळी तालुक्याच्या गावी मिळते.

उघडझाप करणाऱ्या दिव्यांचा प्रयोग केनियात सिंहांसाठी प्रसिद्ध झाला. चिलीत लामा आणि अल्पाकांच्या कळपांवर अशा दिव्यांची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा प्यूमा दूर राहिले पण कोल्ह्याच्या जातीच्या प्राण्यावर काहीच परिणाम झाला नाही. तेव्हा बिबट्यासाठी सौरदिवा लावून पाहायला हरकत नाही, पण कोल्ह्यासाठी त्यावर विसंबू नये. युरोपात दोरीला कापडाच्या पट्ट्या बांधून लांडगे अडवतात. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या लावतात, तेच तत्त्व. पण ज्या लांडग्याने जन्मापासून बांधाबांधावर साड्या पाहिल्या आहेत, तो त्यांना किती भिणार? करडं कोवळी असतील तेवढे दिवस, जागा बदलत वापरलं तर उपयोग होईल.

नामिबियात 1994 पासून शेतकऱ्यांना कळपाबरोबर वाढवलेली राखणदार कुत्री दिली जातात आणि चित्त्यांना मारण्याचं प्रमाण त्याने घटलं. तिथलं मर्म जातीत कमी आणि संगोपनात जास्त आहे: पिल्लू लहानपणापासून मेंढरांत वाढतं, त्यांनाच आपलं कुटुंब मानतं. आपल्या तळावरची कुत्री हेच करत आली आहेत. त्यांना लस मिळत नाही, एवढंच.

घरगुती वीज तारेत सोडून कुंपण करण्याचा प्रकार मात्र कुणीही करू नये. त्यात लांडग्याआधी शेजाऱ्याचं पोर सापडतं.

आता काय करावं

शेळीपालकाच्या हातात असलेल्या गोष्टी आधी. कोवळी करडं पहिले अडीच-तीन महिने चरायला नेऊ नयेत. शेवरी, सुबाभूळ, मेथीघास, तुरीचं भुसकट यांवर ती घरी वाढतात, जंतही कमी होतात. त्यांच्यासाठी गोठ्याच्या आत वेगळा कप्पा करावा: चारही बाजूंनी जाळी, वर छत, खालून उकरता येणार नाही अशी दगडांची किंवा पुरलेल्या जाळीची कड आणि बाहेरून कडी. शेळ्यांची वीण शक्यतो एकाच पंधरवड्यात यावी असा बोकड सोडावा, म्हणजे राखणीचे दिवसही एकत्र येतात. व्यायला झालेली शेळी माळावर नेऊ नये. वार, मेलेली करडं, कोंबड्या उघड्यावर न टाकता पुराव्यात. कळप दिवस मावळायच्या आत आणावा. मेंढराच्या मागे एकटं माणूस जात असेल तर दोन-तीन घरांनी कळप एकत्र करून पाळीपाळीने राखण करावी.

सरकारने करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. राज्याच्या महामेष योजनेत मेंढ्या आणि सुधारित नर यांसाठी अनुदान मिळतं. सांगोला तालुक्यातल्या महूदला शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. कोकरांची संख्या वाढवायला इतकं केलं, तर ती जगवायला जाळीचं छत, नायलॉनची वाघर आणि सौरदिवा यांनाही त्याच अनुदानात जागा हवी. फिरत्या मेंढपाळाने काढलेला तारीख-ठिकाणासह फोटो आणि दोन साक्षीदारांची सही पंचनाम्याच्या जागी चालावी. अर्ज कुठल्याही वनपरिक्षेत्रात घेतला जावा. करडू बेपत्ता झाल्याची नोंद, भरपाई देता आली नाही तरी, ठेवली जावी. कुठल्या शिवारात कुठल्या महिन्यात धोका वाढतो हे त्यातूनच कळेल. तळावरच्या कुत्र्यांना लस पशुसंवर्धन विभागाने तळावर जाऊन टोचावी, आणि गावच्या कुत्र्यांची जबाबदारी ग्रामपंचायतीने टाळू नये.

राहिला प्रश्न लांडग्याचा. माळावर ससे, काळवीट आणि त्यांना लागणारं गवत शिल्लक असेल तर त्याचं सगळं पोट करडांवर अवलंबून राहत नाही. गायरानं उकरली, गवताच्या जागी झाडं लावली, तर मेंढराचा चारा जातो आणि लांडग्याची शिकारही. दोघांचं भांडण मग अधिक तीव्र होतं. नान्नजचा माळ जितका लांडग्याचा आहे, तितकाच मेंढक्याचाही, आणि दोघांनाही तो गवताळच हवा आहे.

यंदाच्या दिवाळीआधी एवढं करा: गोठ्याचं छत बघा, दाराची कडी बघा, करडांचा कप्पा वेगळा करा, कुत्र्याला लस टोचून घ्या, आणि 1926 हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. ग्रामसभेत मागणी करायची असेल तर पिंजऱ्याआधी जाळीची करा.